कान अडीच सेंटिमीटर, बेस अडीच किलोमीटर

शिरूर-दौंड पट्ट्यात हेडफोन घ्यायला आलेलं गिऱ्हाईक दुकानदाराला एकच प्रश्न विचारतं. "शेठ, बेस कसाय?" आवाज कसाय, असं विचारणारा अजून जन्माला यायचाय. यात गिऱ्हाइकाचा दोष नाही. आमच्याकडं संगीताचं प्राथमिक शिक्षण उसाच्या ट्रॅक्टरनं दिलंय. गळीत हंगाम लागला की आलेगावकडं, पाटेठाणकडं निघालेल्या ट्रॅक्टरच्या मागच्या ट्रॉलीला रिफ्लेक्टर असेल-नसेल, पुढं डेक मात्र असतोच. गाणं कुठलं आहे, हे ट्रॅक्टर अगदी शेजारून गेला तरी कळत नाही. गाणं आहे, हे मात्र दोन शिवारं आधीच कळतं. माध्यमिक शिक्षण वरातीत होतं आणि पदवी गणपती विसर्जनाला मिळते. तिन्ही ठिकाणी शिकवण एकच: छातीत वाजतं ते संगीत, कानात वाजतो तो नुसता आवाज.

आता हा पदवीधर ज्या वस्तूकडून छातीची अपेक्षा करतो, तिच्यातला पडदा असतो दहा-बारा मिलिमीटरचा. डीजेच्या भिंतीतला अठरा इंची स्पीकर अख्ख्या चौकातली हवा ढकलतो आणि ती हवा तुमच्या बरगड्यांवर आदळते. कानातल्या पडद्याच्या वाट्याला येते ती फक्त कानाच्या नळीतली हवा. नळीची लांबी साधारण अडीच सेंटिमीटर. तिच्यात छाती मावत नाही.

पण गिऱ्हाईक मागतंय म्हटल्यावर कंपन्या नाही कशाला म्हणतील? खालचे घुमणारे सूर त्या बाकीच्या सुरांपेक्षा चढवून ठेवतात. ‘बोट’ कंपनीनं तर आपल्या वायरवाल्या इअरफोनचं नावच ‘बेसहेड्स’ ठेवलं. म्हणजे गैरसमजाला जागाच नको. बेस असा चढवला की तो शेजारच्या सुरांवर अतिक्रमण करतो. लावणी गाणाऱ्या बाईंचे शब्द पुसले जातात, ढोलकीच्या उजव्या तोंडाची कडक थाप बोथट होते, पेटी असून नसल्यात जमा होते. राहतं ते धुम-धुम. ढोलकी खरी कशी वाजते, हे ज्याला ऐकायचंय त्यानं चौफुल्याच्या एखाद्या कला केंद्रात संगीतबारीला बसावं. (घरी सांगून जावं. हे सदर जबाबदारी घेत नाही.) समोर चार हातांवर ढोलकी, तबला, पेटी. छातीत काही आदळत नाही, तरी माणूस जागेवर बसत नाही.

दुकानातलं सगळ्यात मनोरंजक साहित्य म्हणजे खोका. त्यावर एमआरपी ४,९९०, वर काट, खाली ८९९. म्हणजे ८२ टक्के सूट. एवढी सूट तर आमच्याकडं वांगी रस्त्यावर ओतायची वेळ येते तेव्हासुद्धा मिळत नाही. ४,९९० रुपयांना ती वस्तू आजवर कोणी घेतलेली नसते आणि घेणारही नसतं. तो आकडा विकण्यासाठी नसून खोडण्यासाठी छापलेला असतो.

पुढं लिहिलेलं असतं: २० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ. तरुण, निरोगी माणसाचा कान ऐकू शकतो ती ही पूर्ण रेघ. चाळिशी-पन्नाशीला वरचं टोक आपोआप गळून पडतं. दीडशेच्या इअरफोनवरही हेच आकडे आणि महागड्या हेडफोनवरही बरेचदा हेच. म्हणजे ‘ही गाडी दौंडहून पुण्याला जाते’ असं सांगितल्यासारखं झालं. जाते हो. पण मधे कुठं किती वेळ उभी राहते, ते सांगा ना! कुठला सूर किती चढवलाय, किती पाडलाय, हाच खरा हिशेब, आणि तो खोक्यावर सहसा नसतो.

मग मिलिमीटर. "भाऊ, हा तेराचा आहे, तो दहाचा." जणू बैलजोडी निवडतोय. मोठा पडदा म्हणजे चांगला आवाज, असा काही नियम नाही. दहाचा नीट बसवलेला पडदा तेराच्या ढिसाळ पडद्याला सहज भारी पडतो.

आणि सगळ्यात मोठी गंमत ईएनसीची. "यात नॉइज कॅन्सलेशन आहे," असं सांगून जे विकलं जातं ते बरेचदा ईएनसी असतं. ते बसवलेलं असतं माइकला. तुम्ही फोनवर बोलताना तुमच्या आजूबाजूचा गोंगाट पलीकडच्या माणसाला कमी ऐकू यावा, एवढ्यासाठी. तुमच्या कानाला त्याचा काडीचा उपयोग नाही. पैसे तुमचे, सोय पाहुण्यांची. तुमच्या कानातला गोंगाट कमी करतं ते एएनसी. ते बाहेरचा आवाज माइकनं टिपून त्याची उलटी लाट कानात सोडतं. एका अक्षराचा फरक आहे, आणि तो सांगण्यात दुकानदाराचा काही फायदा नाही.

बरं, मग आवाज घडतो कशानं? खोक्यात जी वस्तू आपण न बघताच ड्रॉवरमध्ये टाकतो, तिच्यानं. रबराच्या टोप्या. तीन मापांच्या जोड्या दिलेल्या असतात. मधली लावूनच येते, बाकीच्या दोन घरातलं लहान पोर तोंडात घालेपर्यंत कोणाला आठवत नाहीत. खरं तर दोनशे रुपयांच्या इअरफोनचा आवाज फुकटात सुधारायचा हा सगळ्यात सोपा मार्ग. टोपी कानाच्या नळीत घट्ट बसली नाही की फटीतून पहिला पळतो तो बेसच. म्हणजे ज्याच्यासाठी शेठशी हुज्जत घातली, तोच. मग माणूस म्हणतो, "यात दम नाय," आणि आणखी बेसवाला मागतो. दम आहे, बाबा, फटीतून चाललाय. इअरफोन कानात घालून बोटानं हलकेच दाबून बघा. दाबल्यावर बेस वाढला तर टोपीचं माप चुकलंय. उजव्या कानाला मधली आणि डाव्याला मोठी लागते, असंही होतं. दोन्ही कान सारखे असतात असं कोणी सांगितलं?

कानात घट्ट बसवायची ही कला आमच्या पट्ट्यातल्या निम्म्या पोरांना आधीच येते, फक्त ती इअरफोनला वापरायची हे ठाऊक नसतं. रांजणगावच्या, सणसवाडीच्या, कुरकुंभच्या कारखान्यांत जिथं मशिनांचा गोंगाट जास्त, तिथं फोमचे इअरप्लग मिळतात. ते बोटांत वळून बारीक करायचे, दुसऱ्या हातानं कानाची पाळी वर ओढायची, आत सारायचे आणि फुगेपर्यंत धरून ठेवायचे. अगदी याच फोमच्या टोप्या इअरफोनलाही मिळतात, याच पद्धतीनं बसतात, आणि बाहेरचा आवाज बॅटरीशिवाय अडवतात. शिफ्टला शिकवतात ती कला घरी येऊन वापरायला सुपरवायझरची परवानगी लागत नाही.

रांजणगावचा विषय निघालाच आहे तर. २०२३ मध्ये बातम्या आल्या, की अ‍ॅपलच्या एअरपॉडची प्लॅस्टिकची कवचं ‘जेबिल’ कंपनीच्या पुण्याच्या कारखान्यात बनून चीन आणि व्हिएतनामला जातायत. पुण्याच्या म्हणजे कुठल्या? जेबिलचा कारखाना रांजणगाव एमआयडीसीत, तालुका शिरूर. कीर्ती पुण्याच्या नावावर लागते, शिक्रापूरची वाहतूक कोंडी तेवढी शिरूरच्या नावावर राहते. महागणपतीच्या गावातून रिकामी कवचं परदेशी जातात, तिकडं त्यांच्यात आवाज भरला जातो, आणि मग ती ज्या किमतीला परत येतात, ती ऐकून इथल्या माणसाला कवचातच जावंसं वाटतं.

पण कवचाला हसू नका. आवाजात त्याचा वाटा मोठा आहे. पडद्याच्या मागं कवचात किती हवा कोंडली आहे, यावर तो पडदा किती सैल हलणार हे ठरतं. जागा फार कमी असली तर ती हवाच पडद्याला मागं रेटते आणि खालचे सूर आखडतात. म्हणून कवचाला बारीक भोकं ठेवतात, भोकांवर जाळी लावतात. भोक केवढं, जाळी किती दाट, यावर अभियंते महिनोन्‌महिने घालवतात. आणि आपण काय करतो? त्यावर टिकल्या चिकटवतो. किंवा बोटाखाली ते भोक दाबून म्हणतो, "एकदम आवाज बदलला राव!" बदलणारच.

याहून बारीक भानगड कानाची आहे. मोकळ्या हवेत समोरून आवाज येतो तेव्हा कानाची पाळी आणि ती अडीच सेंटिमीटरची नळी मिळून तीन हजार हर्ट्झच्या आसपासचे सूर बरेच उचलून धरतात. जन्मापासून मेंदू हा उचललेला आवाजच ‘खरा’ म्हणून ऐकत आलाय. इअरफोन पाळीला ओलांडून थेट नळीत घुसतो आणि नळीचं तोंडही बंद करतो, तेव्हा हे नैसर्गिक उचलणं बिघडतं. मग इअरफोन बनवणाऱ्याला ते स्वतः आत घालावं लागतं. घातलं नाही तर गायक मागच्या खोलीत जाऊन बसतो; जास्त घातलं तर ‘स’ आणि ‘श’ कानाला टोचायला लागतात. चांगला इअरफोन म्हणजे हे प्रमाण ज्याला जमलं तो. याला सोनं लागत नाही, चांदीची वायर लागत नाही. डोकं लागतं, मोजमाप लागतं.

हर्मन कंपनीत शॉन ऑलिव्ह आणि टॉड वेल्टी यांनी २०१२ नंतर हेच मोजलं. माणसं बसवली, हेडफोन ऐकवले, कोणता आवाज आवडतो ते विचारलं. बहुतेकांना आवडला तो चांगल्या खोलीत चांगल्या स्पीकरवर जसा ऐकू येईल तसा आवाज. त्यात थोडा बेस होता. थोडा, ट्रॉलीभर नव्हे. २०१७ मध्ये येरून ब्रेबार्ट या संशोधकानं २८३ हेडफोनांच्या सुरांचा आलेख आणि त्यांची किंमत समोरासमोर मांडली. निष्कर्ष: दोघांचा काही संबंध नाही. महाग घेतला की बांधणी बरी मिळते, डबी छान मिळते, मित्रांत वट वाढते. सूर बरोबर लागलेले असतीलच, याची हमी मात्र किंमत देत नाही. शिरूरच्या बाजारपेठेत आमच्यासारख्यांना याहून चांगली बातमी दुसरी कुठली?

आता दुकानातली परीक्षा. शेठ स्वतःचा फोन काढतात, स्वतःचं रिमिक्स लावतात, आवाज शेवटच्या कांडीपर्यंत नेतात आणि तुमच्या तोंडाकडं बघत उभे राहतात. तुम्ही मान हलवता. हलवणारच! कारण दोन हेडफोनांत जो मोठ्यानं वाजतो, तो कानाला चांगला वाटतो. शिवाय हळू आवाजात कानाला खालचे सूर कमी ऐकू येतात आणि आवाज वाढवला की ते भरभर वर येतात. बेल लॅबच्या फ्लेचर आणि मन्सन यांनी हे १९३३ मध्येच मोजून ठेवलंय. आवाज वाढवला म्हणजे बेस वाढला. आवाज वाढवायला शेठच्या अंगठ्याखेरीज काही खर्च नाही.

म्हणून फोन तुमचा, गाणं तुमचं, आणि दोन्ही हेडफोन कानाला सारखेच मोठे वाटतील असा आवाज ठेवून ऐका. माझं मत विचाराल तर रिमिक्स लावूच नका, भजन लावा. भक्तीचा प्रश्न नाही. तुकोबांची पालखी दरवर्षी यवतला, वरवंडला मुक्कामाला असते. यवतचं पिठलं-भाकरी खाऊन ज्यानं रात्री दिंडीतली भजनं ऐकली आहेत, त्याला टाळ कसा वाजतो हे कुठल्या इन्फ्लुएन्सरनं समजावायची गरज नाही. भजनाच्या चांगल्या ध्वनिमुद्रणात पखवाज सगळ्यात खाली, माणसाचा आवाज मधे, टाळ सगळ्यात वर, आणि या सगळ्यांत मुरलेली वीणेची तार. वाईट हेडफोनवर टाळाचं ‘च्छ-च्छ’ होतं, एक जोड आहे की वीस ते कळत नाही. चांगल्यावर धातू घुमून हळूहळू विरतो, तो विरताना ऐकू येतो. पखवाजाच्या थापेला टोक असतं आणि मागं घुमारा असतो. बुवांचे शब्द दोघांत बुडत नाहीत. एवढं जमलं तर त्यावर रिमिक्सही चांगलंच वाजेल, काळजी नको.

पण घरी छान वाजलेला हेडफोन पुण्याच्या गाडीत बसलं की पांगळा होतो. दौंडहून सकाळी निघणाऱ्या गर्दीला हा अनुभव रोजचा. पाटस, केडगाव, यवत मागं पडतात तसा हेडफोनचा बेस गायब होतो. हेडफोन बिघडलेला नसतो. चाकांची आणि डब्याची घरघर खालच्या पट्टीतली, ती गाण्याचे खालचे सूर झाकून टाकते. मग आपण आवाज वाढवतो, उरुळीपर्यंत आणखी वाढवतो. इथं एएनसीचे पैसे वसूल होतात, कारण सलग चालणारी घरघर त्याला नीट कापता येते. पण डोक्यावर उभा राहून भेळवाला ओरडतोय, समोरच्या बाकावर दोघं जागेवरून भांडतायत, हे त्याला फारसं कापता येत नाही. भांडणावर अजून तंत्रज्ञान निघालेलं नाही. बजेट कमी असेल तर फोमच्या टोप्या लावा, अर्धं काम होतं.

वायर की बिनवायर? बिनवायरच्या हजार रुपयांत बॅटरी, ब्लूटूथची चिप, चार्जिंगची डबी, माइक आणि डबी उघडली की पेटणारा दिवा, एवढं सगळं बसवायचं असतं. आवाजासाठी जे उरतं ते उरतं. वायरवाल्याच्या हजारांत यातला फार तर एखादा माइक असतो. म्हणून दोन हजारांच्या आत निव्वळ आवाज हवा असेल तर वायर, यावर माझ्याशी वाद घालू नका. केझेड, मूनड्रॉप या चिनी कंपन्यांचे वायरवाले इअरफोन हजार-दोन हजारांत मिळतात, आणि त्यांच्यामुळं जगभरच्या शौकिनांनी महागडे हेडफोन विकायला काढलेत. फोनला जॅक नाही? आयफोननं २०१६ मध्ये काढला आणि मागोमाग बऱ्याच कंपन्यांनीही काढला. काही शे रुपयांचा टाइप-सीचा जोड मिळतो. तो पहिल्या आठवड्यात हरवतो, हे गृहीत धरून दोन घ्या. कामाला जाता-येता फोन आणि कीर्तनाचे व्हिडिओ एवढंच असेल तर नेकबँड उत्तम; माणसाचं बोलणं समजायला लागणारे सूर बहुतेक मधल्या पट्टीतले, त्याला दणका लागत नाही. बड्स घेणाऱ्यांना एकच विनंती: दौंड-पुणे शटलमधून उतरताना गर्दीत एक कानातून पडला, तर रुळांत वाकून शोधू नका.

आवाज किती ठेवायचा? जागतिक आरोग्य संघटनेचं गणित आहे: ८० डेसिबल असेल तर आठवड्याला ४० तास. ९० केला तर चार तास. आमचा माणूस आधी आठ तास प्रेस शॉपमध्ये काढतो (कारखान्यांच्या नियमांत आठ तासांना ९० डेसिबलची मुभा आहे), मग बसमध्ये कानात दणका, मग घरी आल्यावर दारावरून ट्रॅक्टर. कानानं तक्रार करायची कुणाकडं? त्यानं ‘शीऽऽ’ असं एकसुरी वाजायला सुरुवात केली की आपण म्हणतो, थकवा असेल.

एक गोष्ट मात्र तिरकस लिहिता येत नाही. शिरूरच्या उसात बिबट्या आहे, माणसं गेलीत, लेकरं गेलीत. रात्रपाळीची वीज आली की पाणी धरायला जाणारा माणूस दोन्ही कानांत बड्स घालून बांधावरून चालतो, तेव्हा त्याला पाचट वाजलेलं ऐकू येत नाही. वनखातं सांगतं की रात्री बाहेर पडताना एकट्यानं जाऊ नका, बोलत जा, मोबाइलवर गाणी वाजवत जा. तिथं वाजवा की स्पीकर! ट्रॅक्टरवाल्यांसारखा! दौंडच्या रुळांवरून शॉर्टकट मारणाऱ्यांनाही हेच लागू. इंजिनाचा हॉर्न गाण्यात बुडाला, ही तक्रार घेऊन परत कोणी येत नाही.

हे सगळं सांभाळून घेतलेला हेडफोनही सहा महिन्यांत एका बाजूनं मंद वाजायला लागतो. लगेच दुकान गाठायचं, "शेठ, डावा गेला." शेठ हळहळतात आणि नवा काढतात. बरेचदा डावा गेलेला नसतो. टोपी काढा, नळीच्या तोंडावरची जाळी उजेडात धरा. पिवळट थर दिसतोय तो तुमचाच आहे, आणि तो कुठल्याही वॉरंटीत बसत नाही. जाळी खालच्या बाजूला करून कोरड्या टूथब्रशनं हलक्या हातानं झाडा. सुई घालाल तर जाळी फाटेल. दोन मिनिटांत डावा परत येतो. ब्रश मात्र पुन्हा बेसिनवरच्या ग्लासात ठेवू नका. घरात बाकीची माणसंही राहतात.